चाकांवरची धर्मशाळा

देशाटनाने मनुष्याला शहाणपण येते, असे वाडवडील सांगत आले आहेत. परंतु देशाटन म्हटले की खर्च आलाच. प्रवासात पैसा मुख्यतः दोन वाटांनी जातो : एक वाहनाच्या भाड्यात आणि दुसरा रात्रीच्या मुक्कामात. चीनसारख्या अफाट देशात तर एका मोठ्या शहरापासून दुसरे शहर हजार-हजार किलोमीटर दूर असते. तेथे थोड्या पैशांत कसे हिंडावे? पाठीवर एक पिशवी टाकून निघणाऱ्या विद्यार्थ्यांना आणि तरुणांना यावर एक साधा उपाय सापडला आहे. तो म्हणजे रात्रीची आगगाडी. संध्याकाळी गाडीत चढावे, रात्रभर निजावे आणि सकाळी नव्या गावी उतरावे. मुक्कामाचा खर्च वाचतो आणि दिवसही वाया जात नाही. अशी गाडी म्हणजे चाकांवर धावणारी धर्मशाळाच होय.

बीजिंग ही चीनची राजधानी. तेथून शीआन हे प्राचीन शहर लोहमार्गाने सुमारे बाराशे किलोमीटर दूर आहे. या वाटेवरील एका रात्रीच्या प्रवासाची हकीकत पाहिली, म्हणजे ही धर्मशाळा कशी चालते ते ध्यानात येईल.

प्रवाशाने प्रथम आपली जागा ठरवावी लागते. सर्वांत स्वस्त असते ती बसण्याची साधी जागा. तिला चिनी भाषेत 'कठीण आसन' म्हणतात. तेथे रात्र बसूनच काढावी लागते. बरीच महाग असते ती 'मऊ शय्या'. तिच्यात चौघांसाठी दार असलेली स्वतंत्र खोली मिळते. या दोहोंच्या मध्ये 'यिंग वो', म्हणजे 'कठीण शय्या' येते. नाव ऐकून भिण्याचे मात्र कारण नाही; या शय्येवर पातळ गादी, उशी आणि पांघरूण असते. काटकसरी प्रवाशाची पसंती बहुधा हिलाच मिळते.

तिकीट आधी काढून ठेवणे श्रेयस्कर. तिकिटावर प्रवाशाच्या नावाची नोंद होते, म्हणून परदेशी प्रवाशाला पासपोर्ट दाखवावा लागतो. स्थानकात शिरताना सामान यंत्रातून तपासले जाते. प्रौढ प्रवाशाला वीस किलोपर्यंत सामान विनामूल्य नेता येते. त्यानंतर मोठ्या प्रतीक्षागृहात थांबावयाचे. गाडीची वेळ जवळ आली, की फलाटाकडे जाणारे फाटक उघडते आणि उतारूंची एकच लगबग सुरू होते.

कठीण शय्येच्या डब्याची रचना पाहण्यासारखी असते. डब्याच्या एका बाजूने अरुंद वाट जाते. दुसऱ्या बाजूस ओळीने अकरा कप्पे असतात. त्यांना दारे नसतात. प्रत्येक कप्प्यात समोरासमोर तीन-तीन बर्थ, एकावर एक बसविलेले. म्हणजे एका कप्प्यात सहा आणि सबंध डब्यात सहासष्ट माणसे निजतात. खालच्या बर्थचे भाडे थोडे अधिक असते, तर वरच्याचे सर्वांत कमी. कारण तेथे शिडीने चढावे लागते आणि छत इतके जवळ असते, की ताठ बसताही येत नाही. दिवसा मात्र खालच्या बर्थवर वरचे उतारूही येऊन बसतात. जागेचा मालक बहुधा तक्रार करीत नाही. वाटेच्या कडेला खिडकीपाशी दुमडून ठेवता येणाऱ्या लहान बैठकाही असतात.

या डब्यातील सर्वांत प्रिय वस्तू म्हणजे उकळते पाणी. प्रत्येक डब्याच्या टोकाला पाणी तापविण्याचे यंत्र असते आणि हे पाणी सर्वांना फुकट मिळते. कोणी त्यात चहाची पाने टाकतो, तर कोणी कागदी वाडग्यातील शेवयांवर ते ओततो. पाच मिनिटांत जेवण तयार! गाडीला भोजनाचा डबाही जोडलेला असतो. पण हात राखून खर्च करणाराला या शेवयाच गोड लागतात. भाषा येत नसली, तरी शेजारी संत्र्याच्या दोन फोडी पुढे करतो. त्या घेऊन आपल्याजवळचेही काही द्यावे, एवढे शब्दांवाचून कळते.

गाडी सुटल्यानंतर सुमारे तीन तासांच्या अंतरावर शिजियाझुआंग हे शहर लागते. हे नाव महाराष्ट्राने लक्षात ठेवावे असे आहे. १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांचे एक पथक चीनमधील जखमींच्या सेवेसाठी गेले. त्यांत सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस होते. सेवा करता करता १९४२ साली, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तिकडेच त्यांचा अंत झाला. त्यांची समाधी या शहरात आहे.

रात्री दहाच्या सुमारास डब्यातील दिवे मालवतात आणि गलबला शांत होतो. मध्यरात्री केव्हा तरी गाडी पीत नदीचा रुंद पूल ओलांडते; पण बहुतेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. झोपेत आपले स्थानक निघून जाईल, ही चिंता नसते. प्रत्येक उतारू कोठे उतरणार, हे डब्यावरील परिचारकाला ठाऊक असते आणि तो वेळेवर येऊन जागे करतो.

सकाळी शीआन येते. जवळच १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना मातीच्या सैनिकांची प्रचंड सेना सापडली. याच नगरातून, म्हणजे त्या वेळच्या छांगआनमधून, ह्युएन-त्संग हा भिक्षू भारतात आला होता. तो महाराष्ट्रातही येऊन गेला आणि येथील लोक उपकार स्मरणारे आहेत, असे त्याने लिहून ठेवले. ६४५ साली तो परतला. त्याने नेलेल्या ग्रंथांसाठी ६५२ साली बांधलेला मनोरा शीआनमध्ये आजही उभा आहे.

चीनमध्ये २००८ नंतर अतिवेगवान गाड्यांचे मार्ग झपाट्याने वाढले. २०२४ च्या अखेरीस त्यांची लांबी सुमारे ४८,००० किलोमीटर झाली. बीजिंगहून शीआनला त्या चार ते सहा तासांत पोहोचतात. त्यामुळे रात्रीच्या गाड्या कमी होत आहेत. परंतु वेगवान गाडीचे भाडे कठीण शय्येच्या जवळजवळ दुप्पट पडते. घरापासून दूर राबणारा मजूर, सुटीत घरी जाणारा विद्यार्थी आणि पाठीवर पिशवी घेतलेला प्रवासी यांना ते सहज परवडत नाही. त्यांच्यासाठी ही धर्मशाळा चालू राहणे अगत्याचे आहे. वेगाने वेळ वाचतो, हे खरे. पण सहा अनोळखी माणसे एका कप्प्यात सलोख्याने रात्र कशी काढतात, याचा धडा मिळतो तो या सावकाश गाडीतच.