जुन्या मोटारीची ओळख, लेखांक 6 : आवाजाचा माग

इंजिनाची शक्ती क्लच, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि डिफरन्शियल यांतून मागच्या चाकांपर्यंत कशी पोहोचते, हे गेल्या लेखांकात पाहिले. याच साखळीत कोठेतरी एखादा अनोळखी आवाज उमटू लागला तर त्याचे मूळ कसे शोधावे, हा या लेखांकाचा विषय आहे. उदाहरणासाठी फियाट 1100 ही गाडी घेणे सोलापूर जिल्ह्यातील वाचकांना जवळचे वाटेल, कारण ती बांधणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 मध्ये सोलापुरातच झाला होता. ही कंपनी 1944 साली स्थापन झाली. कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून फियाट 1100 डिलाइट बाहेर पडू लागली आणि 1974 पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. केंद्र सरकारच्या 2021 च्या नियमांनुसार मूळ रूपात जतन केलेली, पन्नास वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, त्यामुळे सुरुवातीच्या काळातील डिलाइट गाड्या आता या व्याख्येत बसतात.

या कामात पहिली फसवणूक कानच करतो. फियाट 1100 ला वेगळी चॅसिस नाही, सांगाडा आणि पत्रा एकजीव आहेत. आणि ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे 340 मीटर जात असला तरी पोलादातून तो सुमारे 5,000 मीटर वेगाने धावतो. म्हणून मागच्या पाट्याच्या बुशाची कुरकुर चालकाला डाव्या दाराजवळ ऐकू येते, आणि दाराचे बिजागर बदलूनही ती तशीच राहते. आवाज कोठून येतो याआधी तो कशाबरोबर बदलतो हे विचारावे, ही या शास्त्राची खरी गुरुकिल्ली आहे. इंजिनाचे फेरे, चाकाचे फेरे, रस्त्याचे धक्के आणि चालकाच्या पायाखालचा जोर या चारांपैकी एकाशी तरी आवाज बांधलेला असतोच.

माढा तालुक्यातील मोडनिंब हे गाव पुणे-सोलापूर महामार्गावर, टेंभुर्णी आणि मोहोळ यांच्या दरम्यान आहे. गावातील गतिरोधक आणि बाहेरचा सरळ, सपाट रस्ता अशा दोन्ही गोष्टी येथे थोड्या अंतरात मिळत असल्याने अशा तपासणीला ही जागा सोयीची आहे. मात्र ऊसवाहतूक सुरू होण्यापूर्वीची, रिकाम्या रस्त्याची पहाट निवडावी. ताशी 40 किलोमीटर वेगाला फियाटचे चाक सेकंदाला सुमारे सहा फेरे घेते, आणि प्रोपेलर शाफ्ट त्याच्या चारपटीहून अधिक फिरतो. त्यामुळे चाकाचा दोष ‘धप, धप’ असा जवळजवळ मोजता येतो, तर शाफ्टचा दोष घुमल्यासारखा सलग ऐकू येतो. चौथ्या गिअरमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच गतीने फिरतात, म्हणून दोघांचे आवाज तेथे वेगळे काढता येत नाहीत. त्याच वेगाला तिसरा गिअर टाकावा. आवाजाची पट्टी चढली तर मूळ इंजिनाकडे, आणि तशीच राहिली तर गिअरबॉक्सच्या मागे शोधावे.

एक दोष असा आहे की त्याने अनेकांना विनाकारण ब्रेक उघडायला लावले आहेत. चाकाच्या चकचकीत टोपीत, म्हणजे व्हील कॅपमध्ये, चिंचोक्याएवढा खडा अडकला तर गाडी हळू चालताना तो फेरीगणिक वरून खाली पडतो आणि ‘खुळ्ळ’ असा आवाज होतो. वेग वाढला की फिरतीच्या जोराने खडा टोपीच्या कडेला चिकटून बसतो आणि आवाज पूर्ण थांबतो. खडा मध्यापासून पंधरा सेंटिमीटरवर असेल, तर ताशी सुमारे 9 किलोमीटरलाच हे घडते. महामार्गावर गाडी शांत, आणि गतिरोधकापाशी ब्रेक दाबून हळू होताच खुळखुळाट, त्यामुळे संशय ब्रेकवर जातो. वास्तविक टोपी काढून झटकणे एवढाच याचा इलाज आहे.

जोराशी बांधलेले आवाज ओळखणे अधिक अवघड आहे. डिफरन्शियलमधील क्राऊन आणि पिनियन या दात्यांच्या जोडीची एक बाजू गाडी ओढताना आणि दुसरी बाजू पाय उचलल्यावर भार घेते. म्हणून अॅक्सिलरेटर सोडताच हुंकार बदलला तर दोष तेथे असण्याची शक्यता मोठी असते. क्लच सोडताना एकच ‘खण’ ऐकू आली, तर शाफ्टच्या सांध्यातला, मिस्त्री ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात तो भाग झिजलेला असू शकतो. चाकाच्या बेअरिंगची घरघर मात्र वळणावर उघड होते: गाडी उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो, आणि त्या वेळी घरघर वाढली तर डावे बेअरिंग तपासावे.

इंजिनाचे आवाज उभ्या गाडीतही ऐकू येतात, ही मोठी सोय आहे. व्हॉल्व्ह क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने चालत असल्याने टॅपेटची टिकटिक इंजिनाच्या मानाने संथ वाटते. ती त्रासदायक असली तरी क्वचितच घातक असते. खालून येणारा जड ‘ठक ठक’ आवाज मात्र गांभीर्याने घ्यावा. इंजिन मंद चालू ठेवून, विजेचा झटका बसणार नाही अशी काळजी घेत, एकेका सिलिंडरला ठिणगी पोहोचवणारी वायर थोडा वेळ वेगळी करतात. ज्या सिलिंडरचा जोर काढल्यावर ठोका मऊ होतो, त्याच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग झिजल्याचा संशय पक्का होतो. अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंत नेण्याचा मोह टाळावा, कारण 1089 सीसीच्या या इंजिनाचा क्रँकशाफ्ट एकदा खरवडला गेला की तो घासून घ्यावा लागतो आणि त्या मापाची बेअरिंगे मिळवणे हे आज स्वतंत्र कामच होऊन बसते. त्या दिवशी गाडी टेम्पोवर चढवून न्यावी.