ड्रायव्हरच्या पाठीमागेच पेट्रोलची टाकी! जुन्या अमेरिकन पिकअपला मोठी टाकी बसवतात तरी कशी?

तुम्ही गाडी चालवताय आणि तुमच्या सीटच्या अगदी मागे जवळपास ८० लिटर पेट्रोल हिंदकळतंय. १९६७ ते १९७२ दरम्यान बनलेल्या शेवरोले सी-१० या अमेरिकन पिकअपमध्ये हीच व्यवस्था होती. टाकी थेट केबिनमध्ये! जुनी रबरी नळी जराशी पाझरली तरी वास केबिनभर.

म्हणून या गाड्या हौसेने सांभाळणारे बरेच जण ती टाकी काढून मागच्या हौद्याखाली मोठी टाकी बसवतात. जुन्या शेवरोले ब्लेझरची ३१ गॅलनची, म्हणजे साधारण ११७ लिटरची टाकी त्यासाठी लोकप्रिय आहे. ती चासीच्या दोन दांड्यांच्या मधे, मागच्या ॲक्सलच्या पलीकडे बसते. तिथली स्टेपनी मात्र हलवावी लागते.

दांड्यांच्या मधेच का? १९७३ च्या नव्या मॉडेलमध्ये कंपनीने टाकी केबिनबाहेर काढली खरी, पण चासीच्या बाहेरच्या बाजूला लटकवली. बाजूने धडक बसली की आग लागण्याचा धोका! यावरून अमेरिकेत वर्षानुवर्षं खटले चालले. अखेर १९९४ मध्ये जनरल मोटर्सने सरकारशी तडजोड करून सुरक्षेच्या कामांसाठी ५ कोटी डॉलर्सहून जास्त रक्कम द्यायचं कबूल केलं. गाड्या परत मागवल्या गेल्या नाहीत, ते नाहीच.

आता सगळ्यात जोखमीचं काम, जुनी टाकी काढणं. रिकामी टाकी सुरक्षित वाटते, पण आत उरलेली वाफ द्रव पेट्रोलपेक्षा धोकादायक असते. त्यामुळे काम उघड्यावर, बॅटरीची वायर काढून. अशा टाकीवर ड्रिल किंवा वेल्डिंग तर नकोच.

नव्या टाकीला श्वासही घेता आला पाहिजे. पेट्रोल संपतं तशी हवा आत गेली नाही, तर टाकीत निर्वात पोकळी होऊन इंजिन बंद पडतं. हवेच्या नळीला असा व्हॉल्व्ह लावतात, की गाडी उलटली तरी पेट्रोल बाहेर येणार नाही.

खरी गंमत काट्याची. या शेवरोलेचा काटा ० ओहमला रिकामी आणि ९० ओहमला भरलेली टाकी दाखवतो. बाजारातल्या बऱ्याच तयार टाक्यांतला सेन्सर मात्र रिकाम्या टाकीला २४० आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम देतो. तो तसाच जोडला तर टाकी कोरडी ठणठणीत आणि काटा 'फुल'वर! ब्लेझरची टाकी तिच्याच सेन्सरसकट घेतली की ही भानगड होत नाही.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत मनाने फेरफार करता येत नाही. त्यामुळे गावातल्या जुन्या पिकअपवर हा प्रयोग करायचं डोक्यात असेल, तर गॅरेजच्या आधी आरटीओत चौकशी करा.