हत्ती आणि शेवंड

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या नकाशावर दोडामार्ग आणि मालवण यांच्यात फारसे अंतर नाही. तथापि २००२ च्या सुमारास कर्नाटकातून दोडामार्ग तालुक्याच्या हद्दीत दाखल झालेला, आणि केळी, माड व भातशेती यांच्या नासाडीचे पंचनामे मागे ठेवीत हिंडणारा हत्ती, व मालवणच्या खडकाळ किनाऱ्याशी गाबितांच्या जाळ्यात सापडणारी शेवंड, हे दोघे शरीररचनेच्या दृष्टीने दोन टोकांचे प्राणी होत. हत्तीचा सांगाडा मांसाच्या आत, शेवंडीचा बाहेर. आणि एवढ्या एका भेदातून दोघांच्या आकाराचा, वाढीचा, किंबहुना मृत्यूचाही निकाल लागतो.

प्राण्याची लांबी, रुंदी व उंची दुप्पट झाली की वजन आठपट होते, हाडाचा आडवा छेद मात्र चौपटच. हा हिशेब गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मांडला होता. चार-पाच टनांचा हत्ती जाड, सरळ पायांवर तोलून उभा असतो आणि त्याला उडी मारता येत नाही, याचे कारण हेच. शेवंडीचा भार समुद्र उचलतो. पण या मेहेरबानीचा तिच्या कुळाने बेताचाच लाभ घेतला. १९७७ साली कॅनडातील नोव्हा स्कोशियाच्या किनाऱ्याशी पकडलेली, मोठ्या नांग्यांची अटलांटिक शेवंड सुमारे २० किलो भरली. हत्तीचे नवजात पिलूच शंभर किलोंच्या आसपास असते. (आपल्या शेवंडीला तसल्या नांग्या नाहीत, तिची भिस्त लांब, काटेरी मिशांवर.)

कवच वाढत नाही, म्हणून वाढायचे तर ते टाकणे प्राप्त आहे. त्यापूर्वी शेवंड जुन्या कवचातील चुन्याचा काही अंश रक्तात ओढून घेते व खाली नवे, मऊ कवच सिद्ध करते; मग पाठ आणि शेपूट यांच्या सांध्याशी जुने कवच उकलते व त्या फटीतून ती डोळे, मिशा, पाय सोडवीत बाहेर येते, तेव्हा मागे पडलेली पोकळ आकृती हुबेहूब दुसरी शेवंड वाटते. वाढत्या मुलासाठी अंगरखा थोडा सैल शिवावा, तशी ती लगोलग पाणी शोषून अंग फुगवते आणि नवे कवच टणक होईतो कपारीत दडून राहते.

कवचाबरोबर जठराचे अस्तरही जाते, आणि त्याबरोबर अन्न दळणारे जठरातले दातही! ते दर खेपेस नवे येतात. हत्तीला मात्र जबड्याच्या प्रत्येक बाजूस, वर व खाली, जन्मभरात सहाच दाढा मिळतात. जुनी झिजत पुढे सरकते, मागून नवी येते, आणि साठीच्या सुमारास सहावी झिजली की रोज शे-दीडशे किलो चारा लागणारा तो अजस्र देह उपासमारीने खंगत जातो. मला तरी हा हत्तीवर अन्याय वाटतो. पण थोराड शेवंडीलाही कवच टाकण्याचा खटाटोप उत्तरोत्तर महाग पडतो, आणि कित्येक त्यातच मरतात.

हत्तीण सुमारे २२ महिन्यांनी बहुधा एकच पिलू देते; शेवंडीची मादी शेपटीखाली लाखांनी अंडी वाहते आणि त्यांतून निघालेली चपटी, पारदर्शक डिंभके महिनोन्महिने प्रवाहावर तरंगत बहुतांशी इतरांच्या भक्ष्यस्थानी पडतात. सरकारी दप्तरातही दोघांचा बंदोबस्त निराळा आहे. हत्ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शेवंडींसाठी केंद्र सरकारने २००३ साली जातवार किमान वजने ठरवली, त्यांत मुंबईच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या जातीला ३०० ग्रॅमची अट घातली. पण तो हुकूम निर्यातीपुरताच होता.