‘नॉर्वे’च्या पोटात

प्रवासी जहाजांचे डेक-प्लॅन बारकाईने पाहण्याचा मला जुना नाद आहे. केबिन कुठे, जेवणघर कुठे, पोहण्याचा तलाव कोणत्या मजल्यावर, हे त्यात रंगवून दाखवलेलं असतं. प्रवाशांसाठी छापलेल्या या नकाशांत अगदी खालचे मजले बहुधा नसतातच. वरच्या मजल्यांवरही मधेमधे कोरे चौकोन सोडलेले असतात. त्या कोऱ्या जागांत स्वयंपाकघरं असतात, धोबीखाने असतात, इंजिनरूमची तोंडं असतात आणि शेकडो माणसं राहतात. कॅरिबियन क्रूझवर आजवर जे लिहिलं गेलं, त्यातलं बरंचसं रंगवलेल्या भागाबद्दल आहे. मला कोऱ्या भागाबद्दल लिहायचंय. त्यासाठी ‘नॉर्वे’इतकं बोलकं जहाज दुसरं नाही.

‘नॉर्वे’ जन्माला आलं ते ‘फ्रान्स’ या नावाने. सँ-नझेरच्या गोदीत ११ मे १९६० रोजी राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या पत्नीच्या हस्ते त्याचं जलावतरण झालं आणि फेब्रुवारी १९६२मध्ये ते ल हाव्रहून न्यूयॉर्कच्या पहिल्या फेरीवर निघालं. लांबी सुमारे ३१५ मीटर. २००४मध्ये ‘क्वीन मेरी २’ येईपर्यंत याहून लांब प्रवासी जहाज जगात बांधलं गेलं नव्हतं. डिसेंबर १९६२मध्ये ‘मोनालिसा’ अमेरिकेला गेली ती याच जहाजातून. श्रीमंतांच्या कुत्र्यांसाठी वेगळी जागा होती. तिथे पॅरिसच्या कुत्र्यांसाठी फ्रेंच मैलाचा दगड आणि न्यूयॉर्कच्या कुत्र्यांसाठी तिथल्या रस्त्यावरचा अग्निशामक नळ बसवलेला होता.

पण अटलांटिक पार करायला पाच दिवस घालवणारे प्रवासी तोवर जेट विमानांत बसू लागले होते. १९७३मध्ये तेल महागलं आणि फ्रेंच सरकारने अनुदान थांबवायचं ठरवलं. सप्टेंबर १९७४मध्ये न्यूयॉर्कहून परतताना, ल हाव्र बंदराच्या तोंडाशीच, कामगारांनी जहाजाचा ताबा घेतला आणि नांगर टाकला. प्रवाशांना दुसऱ्या बोटीतून उतरवून नेलं. संप महिनाभर चालला आणि मोडला. जहाज एका बाजूच्या धक्क्याला बांधलं गेलं. फ्रेंच लोकांनी त्या धक्क्याला विस्मृतीचा धक्का असं नाव दिलं. तिथे ते चार-पाच वर्षं गंजत राहिलं.

या संपाकडे इतिहासकार फ्रान्सच्या दुखावलेल्या अभिमानाची गोष्ट म्हणून पाहतात. मला त्यात वेगळं काही दिसतं. या जहाजाच्या साऱ्या आयुष्यात खालच्या मजल्यावरच्या माणसांनी त्याचं काय करायचं ते स्वतः ठरवण्याचा प्रयत्न केला, तो एवढाच. पुढे तशी वेळ आली नाही.

१९७९मध्ये क्नुट क्लोस्टर या नॉर्वेजियन जहाजमालकाने ते १ कोटी ८० लाख डॉलरला विकत घेतलं. क्लोस्टरवर मराठीत काही लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही. इंग्रजीतही क्रूझच्या इतिहासात त्याच्या वाट्याला एखाददुसरं पान येतं. खरं तर आज मायामीहून सुटणाऱ्या जहाजांवर जे आयुष्य जगलं जातं, त्याचा निम्मा साचा त्याने घडवला. उरलेला निम्मा घडवला त्याच्याशी भांडून वेगळ्या झालेल्या भागीदाराने.

१९६६मध्ये क्लोस्टरकडे ‘सनवर्ड’ नावाची नवीकोरी बोट होती. ती ब्रिटनहून जिब्राल्टरला पर्यटक नेणार होती. पण ब्रिटिश सरकारने परदेशी जाणाऱ्यांच्या खिशातल्या पैशांवर मर्यादा घातली, जिब्राल्टरवरून स्पेनशी तणाव होताच, आणि बोट रिकामी पडली. त्याच वेळी मायामीत टेड एरिसन या इस्रायली व्यावसायिकाकडे प्रवाशांचं बुकिंग होतं आणि बोट हातची गेली होती. दोघांचं जुळलं. १९ डिसेंबर १९६६ला ‘सनवर्ड’ मायामीहून निघाली. त्यानंतरच्या काही वर्षांत क्लोस्टरने एकामागून एक पांढऱ्या बोटी आणल्या आणि ‘नॉर्वेजियन कॅरिबियन लाइन’ उभी राहिली. पाच-सहा वर्षांत दोघांचं पैशांवरून बिनसलं आणि प्रकरण वकिलांकडे गेलं. एरिसनने १९७२मध्ये स्वतःची ‘कार्निव्हल’ कंपनी काढली. तिची पहिली बोट ‘मार्डी ग्रा’ पहिल्याच फेरीत मायामीबाहेर वाळूत रुतली. तरीही तीच कंपनी पुढे जगातली सर्वांत मोठी क्रूझ कंपनी झाली. एरिसनचं गणित सरळ होतं. तिकीट स्वस्त ठेवायचं आणि मजा भरपूर द्यायची.

क्लोस्टरचं मन त्यात रमणारं नव्हतं. गोऱ्या पर्यटकांनी काळ्या माणसांच्या बेटांवर दोन तास उतरायचं, टोपल्या घ्यायच्या आणि परत फिरायचं, हे त्याला खुपत असे. त्याच्या कंपनीने जमैकात एक उपक्रम चालवला. त्यात प्रवाशांची तिथल्या कुटुंबांशी गाठ घालून दिली जाई. शिक्षकाला शिक्षकाच्या घरी नेत आणि डॉक्टरला डॉक्टरच्या. तो उपक्रम टिकला नाही. एका नफेखोर धंद्यात एवढा प्रामाणिक प्रयत्न झाला याचं मला मोल वाटतं. त्याच कंपनीने १९७७मध्ये बहामातलं ग्रेट स्टिरप के हे बेट फक्त आपल्या प्रवाशांसाठी घेतलं, हेही सांगायला हवं. तिथे गाठ घालून द्यायला कोणी राहतच नव्हतं. पुढे धंद्याने अनुकरण केलं ते बेटाचं.

‘फ्रान्स’ विकत घेण्यात मात्र क्लोस्टरने जी दूरदृष्टी दाखवली तिला तोड नाही. लोक हसत होते. एवढं मोठं जहाज कॅरिबियनच्या उथळ बंदरांत शिरणार कसं? ते पाण्यात दहा मीटरहून जास्त खोल बसत असे. त्याने जहाज जर्मनीत ब्रेमरहाफनला नेलं. चारांपैकी दोन पंखे काढले, पुढची इंजिनरूम बंद केली आणि वेग निम्म्यावर आणला. सात दिवस ऊन खात फिरायचं असेल तर ३० नॉटचा वेग हवा कशाला? काळा रंग जाऊन निळा आला. पुढच्या डेकवर ‘लिटल नॉर्वे’ नावाच्या दोन बोटी बसवल्या. प्रत्येकीत ४०० माणसं मावत. सेंट थॉमसला जहाज बाहेरच नांगर टाकी आणि या बोटी प्रवाशांना किनाऱ्यावर नेऊन सोडत.

आतले बदल आणखी महत्त्वाचे होते. ‘फ्रान्स’वर पहिला वर्ग आणि टुरिस्ट वर्ग एकमेकांच्या नजरेस पडू नयेत अशी रचना होती. क्लोस्टरने वर्ग मोडून टाकले. पहिल्या वर्गाच्या शांबोर जेवणघराचं नाव विंडवर्ड झालं, टुरिस्ट वर्गाच्या व्हर्सायचं लीवर्ड. दोन्ही बाजूंच्या सज्जांना फिफ्थ अव्हेन्यू आणि शाँझेलिझे ही नावं देऊन दुकानं थाटली. रंगमंचावर ब्रॉडवेची अख्खी संगीतिका होऊ लागली. १९८०च्या दशकात जॅझ महोत्सव सुरू झाला आणि डिझी गिलेस्पीसारखे वादक आठवडाभर प्रवाशांबरोबर एकाच जहाजावर राहू लागले. बंदरं कमी आणि समुद्रावरचे दिवस जास्त, हा ‘नॉर्वे’चा नाइलाज होता. क्लोस्टरने त्यालाच विक्रीचा मुद्दा केला. जायचं ठिकाण म्हणजे जहाजच. १९८८मध्ये त्याच सँ-नझेरच्या गोदीत बांधलेलं ‘सॉव्हरिन ऑफ द सीज’ सेवेत आलं आणि मग कोणी थांबलंच नाही. २०२४च्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर ७,६०० प्रवासी मावतात.

क्लोस्टरने संयुक्त राष्ट्रसंघाचा निळा झेंडा जहाजावर लावण्याची परवानगीही मिळवली होती, कारण तिथे कितीतरी देशांचे लोक एकत्र काम करत होते. तो झेंडा मनापासून लावलेला होता याबद्दल मला शंका नाही. पण प्रवाशांमधली वर्गांची भिंत पाडली, तरी प्रवासी आणि खलाशी यांच्यातली भिंत होती तशीच राहिली. वरती एका आठवड्याची सुट्टी चाललेली असे. खाली महिनोन्‌महिन्यांचे करार असत, आठवड्याची सुट्टी नसे, केबिनी सामायिक असत आणि स्टुअर्डची कमाई मुख्यतः बक्षिशीवर चाले. सगळ्या धंद्याचीच ही रीत. मायामीच्या धक्क्यावर सकाळी दोन हजार माणसं उतरत आणि संध्याकाळच्या आत दुसरी दोन हजार चढत. मधल्या तासांत दोन हजार खाटांवरच्या चादरी बदलून व्हायला हव्यात. हे काम करणाऱ्यांत फिलिपिनो पुष्कळ होते.

आपल्याकडे याची ओळख जुनी आहे. ‘पी अँड ओ’ या ब्रिटिश कंपनीच्या बोटींवर जेवणघर सांभाळायचं काम पिढ्यान्‌पिढ्या गोव्याच्या माणसांकडे होतं. मुंबईत धोबीतलावच्या आसपास गावागावाचे कूड, म्हणजे सामायिक वसतिघरं, होते आणि आजही काही आहेत. पुढच्या बोटीची वाट पाहत तारवटी, म्हणजे गोव्याचे खलाशी, तिथे खाट टाकून राहायचे. आज कॅरिबियनमधल्या क्रूझ बोटींसाठी भरती होते तीही मुंबई-गोव्यातून. म्हणून पुढची हकिगत मी परक्यांची म्हणून वाचू शकलो नाही.

२५ मे २००३, रविवार. ‘नॉर्वे’ पहाटे पाचच्या सुमारास मायामीच्या धक्क्याला लागलं. जहाजावर २,१३५ प्रवासी होते आणि ९११ कर्मचारी. ६ वाजून ३७ मिनिटांनी २३ क्रमांकाचा बॉयलर फुटला. अतितप्त पाणी दाबातून सुटलं की क्षणात त्याची वाफ होते आणि वाफेला हजार पटींहून जास्त जागा लागते. ती जागा तिने बॉयलरखोलीत आणि लगतच्या खलाशांच्या वस्तीत घेतली. आठ कर्मचारी मेले, त्यांत बहुतेक फिलिपिनो. दहा जण गंभीर भाजले, जखमी झाले. प्रवाशांपैकी कोणाच्या जिवावर बेतलं नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने या स्फोटाचा तपास केला. त्याचा अहवाल हा माझ्या मते लक्झरी क्रूझवर लिहिला गेलेला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज आहे. त्यात विशेषणं नाहीत. फुटलेल्या नळकांड्याच्या जोडापाशी धातूला भेगा होत्या. अशा भेगा पूर्वीही सापडल्या होत्या आणि वेल्डिंगने बुजवल्या होत्या. बॉयलर फार घाईने तापवले आणि थंड केले जात होते. पाण्याची रासायनिक निगा नीट राखली जात नव्हती. मंडळाने दोष ठेवला तो कंपनीच्या बॉयलर चालवण्याच्या, देखभालीच्या आणि तपासणीच्या पद्धतींवर. ब्युरो व्हेरिटास या वर्गीकरण संस्थेची पाहणी अपुरी होती, असंही त्याने नोंदवलं.

हे वाचताना ‘नॉर्वे’चं वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवावं. अटलांटिक ओलांडणाऱ्या जहाजाचे बॉयलर एकदा पेटले की पाच दिवस एका लयीत चालतात. क्रूझ जहाज दर दोन दिवसांनी थांबतं, निघतं, पुन्हा थांबतं. प्रत्येक थांब्याला पोलाद आकसतं आणि प्रसरण पावतं. हे यंत्र ज्या प्रवासासाठी बांधलं होतं, त्याच्या नेमकं उलट काम ते तेवीस वर्षं करत होतं. त्याला सांभाळून घेण्यासाठी जास्त निगा लागणार होती, ती कमी पडली. अपघात घडला असं म्हणून इथे सुटता येत नाही. २००८मध्ये कंपनीने अमेरिकन न्यायालयात घोर निष्काळजीपणाचा गुन्हा कबूल केला आणि १० लाख डॉलर दंड भरला. मृतांच्या कुटुंबीयांना आणि जखमींना १ कोटी ३७ लाख ५० हजार डॉलर द्यायचं ठरलं.

क्लोस्टर तोवर या जहाजापासून कधीच दूर झाला होता. कंपनी मलेशियाच्या ‘स्टार क्रूझेस’कडे गेली होती.

शेवटचा अंक आपल्या किनाऱ्यावर घडला. स्फोटानंतर जर्मनीला नेलेल्या ‘नॉर्वे’ला २००५मध्ये तिथून ओढत मलेशियाला आणलं. पुढे त्याचं नाव ‘ब्लू लेडी’ झालं. जहाजात ॲस्बेस्टॉस आहे म्हणून बांगलादेशाने फेब्रुवारी २००६मध्ये ते नाकारलं. त्याच महिन्यात ‘क्लेमान्सो’ ही फ्रेंच विमानवाहू नौका याच कारणावरून, गुजरातेत जहाजं तोडतात त्या अलंगच्या वाटेवरून माघारी बोलावली गेली होती. ‘ब्लू लेडी’ला मात्र कोणी माघारी बोलावलं नाही. पावसाळा तोंडावर होता. सर्वोच्च न्यायालयाने माणुसकीच्या भूमिकेतून तिला भारतीय हद्दीत येऊ दिलं आणि ऑगस्ट २००६मध्ये खंभातच्या आखातातल्या मोठ्या भरतीवर ती अलंगच्या किनाऱ्याला चढवली गेली. एकदा चढलेलं जहाज परत फिरत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सप्टेंबर २००७मध्ये न्यायालयाने तोडायची परवानगी दिली. त्या निकालात ४१,००० टन पोलाद आणि ७०० कामगारांचा रोजगार यांचा हिशेब मांडलेला आहे. ॲस्बेस्टॉसच्या बाजूचा हिशेबही न्यायालयापुढे होता. तज्ज्ञांच्या समितीने ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेल्या कामगारांच्या तपासणीचा दाखला दिला होता. त्यांतल्या सुमारे १६ टक्क्यांच्या फुप्फुसांत आजाराची सुरुवात दिसली होती. न्यायालयाने शाश्वत विकासाचं तत्त्व पुढे करून पारडं पोलादाकडे झुकवलं. मला तो निकाल चुकीचा वाटतो. धोक्याची खात्री ज्यांच्या छातीत दिसत होती, त्यांच्याच रोजगाराच्या नावाने तो धोका मान्य केला गेला.

२००८च्या अखेरीस जहाज संपलं. जहाजाच्या नाळेचं, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागाचं, टोक कापून फ्रान्सला पाठवलं होतं. फेब्रुवारी २००९मध्ये पॅरिसच्या लिलावात त्याला २,७३,२०० युरो आले आणि २०१८पासून ते ल हाव्रमध्ये उभं आहे. ‘फ्रान्स’च्या मेन्यूकार्डांना, ॲशट्रेंना, खुर्च्यांना संग्राहक आहेत. त्यावर देखणी पुस्तकं आहेत आणि त्यांत प्रत्येक दालनाचे फोटो आहेत. खलाशांच्या केबिनचा फोटो मी त्यांत शोधत राहिलो. सापडलेले फार थोडे आहेत.

म्हणून एक विनंती. कोकणात, गोव्यात, मुंबईत अशी कितीतरी घरं आहेत जिथले आजोबा, वडील, काका बोटीवर होते. त्यांची पत्रं, कराराचे कागद, पगाराच्या पावत्या, बंक-बेडवर बसून काढलेले फोटो अजून ट्रंकांत पडून असतील. ते रद्दीत घालू नका. तारखा आणि बोटींची नावं मागे लिहून ठेवा, आणि त्यांची एक प्रत जवळच्या ग्रंथालयाला किंवा या अंकाच्या पत्त्यावर पाठवा.