मुलाशी बोलण्याचे शिक्षण

मुलांशी बोलायला शिकायचे ते काय, असे आपल्यापैकी अनेकांना वाटेल. घरोघर आजी नातवंडांशी बोलतेच की! पण आजी-नातवाची ओळख जन्माची. समाजकार्याच्या विद्यार्थ्यापुढे मात्र स्टेशनवर एकटे सापडलेले आठ वर्षांचे मूल येते. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे त्याच्याविषयीचा सामाजिक तपासणीचा अहवाल पंधरा दिवसांत पुरा व्हावा लागतो. मूल घरी परतणार की संस्थेत राहणार, हे बालकल्याण समिती पुष्कळसे त्यावरून ठरवते.

मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा निघाली. तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. व्याख्यानांच्या जोडीला प्रत्यक्ष क्षेत्रकार्य, ही या शिक्षणाची रीत. भेट झाली की विद्यार्थ्याने ती संवादासह लिहून काढायची: मी काय विचारले, मूल काय म्हणाले, कुठे गप्प बसले. मग मार्गदर्शक ती वही घेऊन बसतात. जास्त बोललो ते आपणच, हा पहिला धक्का बहुधा तेव्हा बसतो.

"बाबा मारायचे म्हणून पळालास ना?" हा प्रश्न घ्या. यात उत्तर विचारणाऱ्यानेच पुरवले आहे. मोठ्या माणसाला बरे वाटावे म्हणून मूल "हो" म्हणते आणि अहवालात बापाचे नाव लागते. "निघालास त्या दिवशी काय काय झाले, सांग," असे म्हटले तर उत्तर मुलाचे राहते. "का पळालास?" हेही टाळावे, मोठ्यांचा "का" मुलाच्या कानाला दटावणीसारखा लागतो. तोच प्रश्न पुन्हा विचारला, तर पहिले उत्तर चुकले असे समजून मूल ते बदलते. म्हणून "ठाऊक नाही" हेही उत्तर चालेल, असे आरंभीच सांगावे.

सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे "कोणाला सांगणार नाही" हे वचन. दयाळू विद्यार्थी ते चटकन देऊन बसतो. पण लैंगिक अत्याचाराची हकीगत निघाली, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ती कळवणे भागच आहे. (मुलाचा जबाब घेणाऱ्या पोलिसाने गणवेशात असू नये, हे याच कायद्यातले कलम मला फार शहाणपणाचे वाटते.) तेव्हा आधीच म्हणावे, "तुला सुखरूप ठेवायला ज्यांना सांगणे जरूर आहे, त्यांनाच मी सांगेन, आणि त्याआधी तुला सांगेन." वर्गात एकमेकांना मूल करून हे वाक्य दहादा म्हटले, तरी प्रत्यक्षात जीभ अडखळते. ते ऐकून मूल गप्प झाले, तर गप्प बसू द्यावे. कागद आणि खडू पुढे सरकवावेत, चित्र झाल्यावर "यात काय आहे, सांगशील?" एवढेच विचारून थांबावे.