शहरांच्या धुराची वाटणी

वडिलार्जित शेताची वाटणी करतांना एका भावास विहिरीकडील जमीन व दुसऱ्यास माळरान दिलें, तर न्याय झाला असें कोणीहि म्हणणार नाहीं. अशाच प्रकारचा एक बिकट प्रश्न आज राष्ट्रांपुढें उभा आहे. कोळसा व तेल जाळल्यानें कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायु, उत्पन्न होतो. तो वातावरणांत सांचून पृथ्वीची उष्णता वाढवितो. म्हणून त्यास मर्यादा घालणें प्राप्त आहे. परंतु त्या मर्यादेंतील किती वांटा कोणत्या शहरास द्यावा?

चीन देशाचा अनुभव या बाबतींत बोधप्रद आहे. २०११ ते २०१५ च्या पंचवार्षिक योजनेंत, राष्ट्रीय उत्पन्नाच्या मानानें कर्बवायूचें प्रमाण शेंकडा १७ नें घटवावें, असें तेथें ठरलें. शांघाय व त्यांजिन या संपन्न नगरांस शेंकडा १९, बीजिंगला १८, तर तिबेट व चिंगहाय या प्रांतांस अवघी १० घट नेमून देण्यांत आली. २०१३ सालीं शेन्झेन शहरांत कर्बवायूच्या परवान्यांचा बाजार सुरू झाला, आणि २०२१ च्या जुलै महिन्यांत वीजकारखान्यांकरितां साऱ्या देशाचा बाजार उघडला.

वाटणीचीं मापें मुख्यतः तीन आहेत. मागील धुराच्या प्रमाणांत परवाने द्यावेत, तर ज्यानें पूर्वीं बेसुमार कोळसा जाळला त्यासच बक्षीस मिळतें. डोईप्रमाणें द्यावेत, तर परगांवासाठीं पोलाद वा वीज निर्माण करणाऱ्या शहरावर अन्याय होतो. बीजिंगमधील शौगांग हा पोलादाचा प्रचंड कारखाना २०१० च्या अखेरीस तेथें बंद झाला व त्याचें काम तांगशान शहराच्या हद्दींत, समुद्रकांठीं गेलें. राजधानीची हवा सुधारली. परंतु पोलादाची गरज कायम असल्यामुळें धुराचें केवळ गांव बदललें. आतां हा धूर कोणाच्या खातीं मांडावा, करणाऱ्याच्या कीं वापरणाऱ्याच्या? तिसरें माप ऐपतीचें. वर दिलेल्या आंकड्यांत मुख्यतः तेंच दिसून येतें.

न्यायाबरोबर काटकसरहि पाहिली पाहिजे. समजा, दोन शहरांनीं मिळून ४० लक्ष टन घट करावयाची आहे. पहिल्यास टनामागें ५०० रुपये खर्च येतो, दुसऱ्यास २,०००. प्रत्येकानें २० लक्ष टन कमी केले, तर अनुक्रमें १०० व ४०० कोटी, एकूण ५०० कोटी रुपये लागतात. पहिल्यानेंच सर्व घट केली, तर २०० कोटींत काम भागतें. दुसऱ्यानें त्याच्याकडून टनास १,००० रुपये दरानें परवाने विकत घेतले, तर त्याचे २०० कोटी वांचतात व पहिल्यास १०० कोटींचा नफा होतो. हवेचें हित दोन्ही प्रकारांत सारखेंच.

मात्र बाजारानें खर्च वांचला तरी न्याय आपोआप होत नाहीं. परवाने मुळांत कोणास किती दिले, यावर कोण श्रीमंत होणार हें ठरतें. आणि खाणीवर पोट भरणाऱ्या मजुराची सोय बाजार पाहत नाहीं. शिवाय एकूण मर्यादा सैल ठेवली, किंवा धुराचें मोजमाप खोटें झालें, तर परवाना हा निव्वळ कागद ठरतो.

आज वर्गांत बसणाऱ्यांनाच पुढें अशा वाटण्या कराव्या लागतील. त्यासाठीं त्यांस पक्कें गणित यावें, आणि दुसऱ्याच्या पदरीं माळरान टाकण्याची लाज वाटावी, एवढी तयारी घरानें व शाळेनें मिळून केली पाहिजे.