चकती-विभागांतील फाइल-स्थानांतर

चकती-विभागांतील फाइल-स्थानांतर : संगणकाच्या एकाच हार्ड डिस्कचे तार्किक दृष्ट्या जे स्वतंत्र भाग पाडतात, त्यांना विभाग किंवा पार्टिशन म्हणतात. विंडोज प्रणालीत ते सी, डी अशा अक्षरांनी ओळखतात. सी विभागात सामान्यतः खुद्द परिचालन प्रणाली असते. तो भरत आल्यास संगणक मंदावतो. म्हणून छायाचित्रे, चित्रफिती इ. वैयक्तिक फायली डी विभागात हलवितात.

एकाच विभागात फाइल हलविताना केवळ निर्देशिकेतील नोंद बदलते. मजकूर जागचा हलत नाही व जागाही मोकळी होत नाही. विभाग बदलताना मात्र प्रथम नवी प्रत तयार होते व नंतर मूळ फाइल काढली जाते. मौल्यवान फायलींच्या बाबतीत प्रत स्वतः करून, ती उघडून पाहून मगच मूळ फाइल काढणे श्रेयस्कर. काढलेली फाइल रिसायकल बिनमध्ये असेपर्यंत सी विभागातील जागा अडलेलीच राहते. डी विभागातील प्रत सुरक्षित असते, हा रूढ समज चुकीचा होय. चकती निकामी झाल्यास दोन्ही विभाग एकदमच जातात. याकरिता वेगळ्या चकतीवर प्रत ठेवावी लागते. ती चकती फॅट ३२ पद्धतीची असल्यास, मोकळी जागा कितीही असली, तरी ४ गिगाबाइटची वा त्याहून मोठी फाइल तीवर ठेवता येत नाही.